स्विचचा डंप बाहेर काढायची सोय: सिस्को, ज्युनिपर, अरिस्टा आणि अरुबा

नेटवर्क स्विच अडकला की पहिला हात पॉवर केबलकडे जातो. रीबूट होतं, लिंक परत येतात, तक्रारी थांबतात आणि बिघाडाचा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो. मग सपोर्ट इंजिनिअर डंप (स्विचच्या आतल्या अवस्थेची नोंद) मागतो, तेव्हा आपल्याकडे असतो तो रीबूटनंतरच्या ठणठणीत स्विचचा डंप. त्यातून कुणालाही काही सापडत नाही.

म्हणून स्विच घेताना पोर्ट किती आणि पीओई (नेटवर्क केबलमधूनच दिली जाणारी वीज) किती वॅट, याच्या जोडीला आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी: बिघडलेल्या अवस्थेत हा स्विच स्वतःबद्दल किती सांगतो, त्यातलं रीबूटनंतर काय उरतं आणि ते बाहेर काढायला किती खटाटोप लागतो. या परीक्षणात सिस्कोचे कॅटॅलिस्ट ९०००, ज्युनिपरचे ईएक्स, अरिस्टाचे ईओएस या ऑपरेटिंग सिस्टमवर चालणारे स्विच आणि एचपीई अरुबाचे सीएक्स फक्त याच निकषांवर पाहिले आहेत. वेग, किंमत, लायसन्स यांचा इथे विचार नाही. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत.

'डंप' या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात, हे आधी स्पष्ट असलेलं बरं. पहिली म्हणजे टेक-सपोर्टची टेक्स्ट फाइल, म्हणजे शेकडो 'शो' कमांडचं एकत्र आउटपुट, त्या घडीचं चित्र. दुसरी म्हणजे लॉग आणि ट्रेस, त्या घडीच्या आधी काय काय झालं त्याची नोंद. तिसरी म्हणजे कोअर फाइल, कोसळलेल्या प्रोसेसची किंवा कर्नलची मेमरी जशीच्या तशी. बहुतेक जण फक्त पहिली पाठवतात आणि सपोर्टकडे नोंदवलेली तक्रार, म्हणजे केस, आठवडाभर पुढे-मागे होत राहते. क्रॅशचं मूळ कारण बहुतेक वेळा तिसरीत असतं आणि पोर्ट अधूनमधून पडतो त्याचं कारण दुसरीत.

सिस्को कॅटॅलिस्ट ९०००: माहिती भरपूर, पण विखुरलेली

माहिती किती खोलवर मिळते या बाबतीत आयओएस एक्सईला (कॅटॅलिस्टच्या ऑपरेटिंग सिस्टमला) तोड नाही. 'शो टेक-सपोर्ट' नेहमीचं चित्र देतं. वायरलेस, स्टॅक (एकत्र जोडून एकासारखे चालवलेले अनेक स्विच), पीओई वगैरेंसाठी वेगळे टेक-सपोर्ट आहेत. ते स्क्रीनवर ओतू नका, थेट फाइलमध्ये घ्या: 'शो टेक-सपोर्ट | रीडायरेक्ट फ्लॅश:टेक१.टीएक्सटी'. स्क्रीनवरच घ्यायची वेळ आली, तर आधी 'टर्मिनल लेंथ ०' द्या आणि पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सेशन लॉगिंग चालू करा. पुट्टीचा स्क्रोलबॅक या आउटपुटला पुरत नाही, वरचा भाग गळतो, आणि नेमका तिथेच 'शो व्हर्जन'मधला शेवटच्या रीलोडचं कारण सांगणारा मजकूर असतो.

काउंटरशी संबंधित तक्रार असेल (ड्रॉप म्हणजे टाकून दिलेली पॅकेट, सीआरसी म्हणजे खराब पोचलेल्या फ्रेम, सीपीयू), तर दोन ते पाच मिनिटांच्या अंतराने दोन टेक-सपोर्ट घ्या. एका फाइलमधला 'आउटपुट ड्रॉप्स' किती महिन्यांपासून साचलाय ते कळत नाही. दोन फाइलींची वजाबाकी केली की आत्ता काय चाललंय ते दिसतं. सीपीयू आधीच शंभर टक्क्यांना टेकला असेल, तर मात्र पूर्ण टेक-सपोर्टआधी 'शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड' आणि 'शो लॉगिंग' या दोन छोट्या कमांड उरकून घ्या. टेक-सपोर्ट स्वतःही सीपीयू खातो आणि मध्येच स्विच हातातून गेला तर निदान एवढं तरी उरतं.

क्रॅश झाला असेल तर खरी वस्तू 'सिस्टम-रिपोर्ट' नावाची टार-जीझेड (अनेक फाइली एकत्र दाबून बांधलेली) फाइल. कॅटॅलिस्ट ९३०० वर ती 'क्रॅशइन्फो:' या वेगळ्या पार्टिशनमध्ये जाते आणि कोअर 'फ्लॅश:कोअर' फोल्डरमध्ये. इतर काही मॉडेलवर 'बूटफ्लॅश:' पाहावं लागतं. सिस्कोवर नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत होते ती यापुढे, स्टॅकमध्ये. ९३०० चा स्टॅक ८ स्विचपर्यंत जातो आणि प्रत्येक सदस्याचं फ्लॅश स्वतंत्र असतं. 'डिर क्रॅशइन्फो:' लिहिलं की फक्त सध्याच्या ॲक्टिव्ह स्विचचं दिसतं. तिसरा सदस्य कोसळला असेल तर त्याचा रिपोर्ट 'क्रॅशइन्फो-३:' मध्ये पडलेला असतो. ॲक्टिव्हच कोसळला असेल तर भूमिका बदलून गेलेली असते, म्हणून आधी 'शो स्विच' पाहा आणि मग प्रत्येक क्रमांकाची 'क्रॅशइन्फो' आणि 'फ्लॅश' एकेक करून तपासा. फाइल नाही असं लिहून कळवण्याआधी हे झालंच पाहिजे.

कोअर लिहिला जात असताना घाई करू नका. एकाच फाइलवर मिनिटभराच्या अंतराने दोनदा 'डिर' करा. आकार स्थिर झाला की मगच कॉपी करा. मध्ये वीज काढली तर अर्धवट जीझेड उरतो आणि तो उघडत नाही.

ट्रेसलॉगचं आयुष्य त्याहून कमी. ते फिरत्या जागेत लिहिले जातात, जुने मिटून नवे बसतात, त्यामुळे गडबडीच्या स्टॅकवर उशीर केला की हवी ती वेळ निघून जाते. 'रिक्वेस्ट प्लॅटफॉर्म सॉफ्टवेअर ट्रेस आर्काइव्ह लास्ट २ डेज टार्गेट फ्लॅश:ट्रेस' असं दिलं की त्यांची एक पेटी बांधून मिळते. साध्या सिसलॉगचं (स्विचच्या रोजच्या संदेशांच्या नोंदीचं) तर विचारूच नका: लॉगिंग बफर डीफॉल्टने ४०९६ बाइटचा, म्हणजे जेमतेम चाळीस-पन्नास ओळी, आणि तोही रॅममध्ये. स्विच रॅकला चढवतानाच 'लॉगिंग बफर्ड' वाढवा, बाहेरचा सिसलॉग सर्व्हर द्या आणि 'सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स' मिलिसेकंद व टाइमझोनसह लावा. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) नसलेल्या स्विचचा लॉग इतर उपकरणांशी जुळवता जुळवता डोळे दुखायला लागतात.

बिघाड रात्री होतो आणि मिनिटभर टिकतो, अशा प्रकाराला ईईएम ॲपलेट (ठराविक घटना घडली की स्विचवर आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) हा सिस्कोचा हुकमी इलाज आहे. ठराविक सिसलॉग मेसेज दिसला की ॲपलेट स्वतः टेक-सपोर्ट घेऊन फ्लॅशवर ठेवतं. पण ॲपलेटला डीफॉल्टने फक्त २० सेकंद मिळतात, आणि टेक-सपोर्ट त्यात कधीच संपत नाही. 'मॅक्सरन' ६०० सेकंदांच्या आसपास न्या. पहिली कृती 'इनेबल' ठेवा. ट्रिपल-ए कमांड ऑथरायझेशन (प्रत्येक कमांडला परवानगी तपासणं) चालू असेल तर ॲपलेटला 'ऑथरायझेशन बायपास' द्या, नाहीतर तो गुपचूप नापास होतो आणि सकाळी फ्लॅश रिकामं मिळतं. मेसेज सारखा येणारा असेल तर 'रेटलिमिट'ही लावा, कारण तेच ॲपलेट शंभरदा चालून फ्लॅश भरू शकतं.

एकूण मत: मिळणारी माहिती उत्तम, पण ती गोळा करायला अनुभवी हात लागतो. एका कमांडने सगळं मिळेल या भरवशावर राहू नये.

फाइल स्विचबाहेर नेताना

या टप्प्यावर जितके डंप वाया जातात तितके कुठेच जात नसतील, आणि बरीचशी कारणं कुठल्याही कंपनीच्या स्विचला सारखीच लागू आहेत.

कन्सोलवरून (स्विचच्या सिरियल पोर्टमधून) डंप काढायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात, कारण प्रत्येक बाइटला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात. ५ एमबीच्या टेक-सपोर्टला सुमारे ८७ मिनिटं झाली. तेच १,१५,२०० बॉडला सव्वासात मिनिटांत होतं. अरुबा सीएक्सचा कन्सोल मुळातच १,१५,२०० वर येतो, सिस्को, ज्युनिपर आणि अरिस्टाचा ९६०० वर. नेटवर्क पूर्ण गेलं असेल तर कन्सोलपेक्षा यूएसबी पेन ड्राइव्ह केव्हाही बरा. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. फक्त एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे हे लक्षात असू द्या.

टीएफटीपी (फाइल पाठवायचा अगदी साधा प्रोटोकॉल) छोट्या कॉन्फिगसाठी ठीक, कोअरसाठी नाही. मूळ प्रोटोकॉलमध्ये ५१२ बाइटचे ब्लॉक आणि १६ बिटचा ब्लॉक क्रमांक आहे, त्यामुळे ३२ एमबीच्या आसपास आकडा संपतो. पुढे काय होईल ते दोन्ही बाजूंनी मोठे ब्लॉक किंवा क्रमांक पुन्हा शून्यावर नेणं मान्य केलंय का यावर ठरतं. कधी ट्रान्सफर तुटतो, कधी टाइमआउट येत राहतो. लिनक्सवरचा टीएफटीपीडी-एचपीए तर अस्तित्वात नसलेली फाइल लिहूच देत नाही. त्याला '--क्रिएट' पर्याय द्यावा लागतो. आलेली एरर पाहून लोक स्विच तपासत बसतात आणि दोष सर्व्हरचा असतो.

एफटीपी वापरलात तर मोड बायनरी हवा. ॲस्की मोडमध्ये गेलेली जीझेड फाइल आकाराने जवळपास तेवढीच दिसते, पण उघडत नाही. पासवर्ड उघडा जातो तो मुद्दा वेगळाच.

एससीपी किंवा एसएफटीपी (एसएसएचच्या सुरक्षित जोडणीतून फाइल पाठवणं) हाच सरळ रस्ता, पण त्यातही दोन अडथळे नेहमी येतात. ओपनएसएसएच ९.० पासून (२०२२) 'एससीपी' कमांड आतून एसएफटीपी बोलते. ज्या स्विचला फक्त जुना एससीपी कळतो तिथे फाइल खेचताना कनेक्शन लगेच तुटतं. कमांडला '-ओ' (कॅपिटल) जोडलं की काम होतं. दुसरा अडथळा ओपनएसएसएच ८.८ पासूनचा (२०२१): जुन्या 'एसएसएच-आरएसए' सह्या डीफॉल्टने बंद आहेत, त्यामुळे जुन्या फर्मवेअरच्या स्विचशी 'नो मॅचिंग होस्ट की टाइप' असं उत्तर येतं. होस्ट की अल्गोरिदममध्ये '+एसएसएच-आरएसए' त्या एका जोडणीपुरतं द्या, कायमचं नको.

सिस्कोवरून खेचायचं असेल तर 'आयपी एससीपी सर्व्हर इनेबल', प्रिव्हिलेज १५ चा (सर्वोच्च अधिकाराचा) वापरकर्ता आणि एक्झेक ऑथरायझेशन (लॉगिन करताच तो अधिकार देणारी सेटिंग), तिन्ही लागतात. मॅनेजमेंट पोर्टमधून ढकलायचं असेल तर तो पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये) असतो हे विसरू नका: 'आयपी एसएसएच सोर्स-इंटरफेस गिगाबिटइथरनेट०/०' दिल्याशिवाय एससीपीला सर्व्हर सापडत नाही. एससीपीचा वेग कासवासारखा वाटत असेल तर आवृत्ती १७ च्या मालिकेत 'आयपी एसएसएच बल्क-मोड' आहे. मोठ्या फाइलीला त्याने स्पष्ट फरक पडतो.

फाइल पोचली म्हणून स्विचवरची लगेच पुसू नका, आधी दोन्हीकडचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. सिस्कोवर 'व्हेरिफाय /एमडी५', जूनोसवर (ज्युनिपरच्या ऑपरेटिंग सिस्टमवर) 'फाइल चेकसम एमडी५', इकडे लिनक्सवर 'एमडी५सम' किंवा विंडोजवर 'सर्टयूटिल -हॅशफाइल' (फाइलच्या नावापुढे 'एमडी५' लिहून). आकडे जुळले की जीझेड फाइलवर 'जीझिप -टी' चालवा. स्विचवरच फाइल अर्धवट लिहिली गेली असेल तर एमडी५ जुळूनही ती खराबच असते, ते या चाचणीत कळतं.

ज्युनिपर ईएक्स: शिस्तशीर, पण जागेची चणचण

जूनोसची पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे. 'रिक्वेस्ट सपोर्ट इन्फर्मेशन | सेव्ह /व्हार/टीएमपी/आरएसआय.टीएक्सटी' ने पहिली गोष्ट झाली. 'फाइल आर्काइव्ह कॉम्प्रेस' ला सोर्स म्हणून '/व्हार/लॉग/*' दिलं की सगळे लॉग एका टीजीझेडमध्ये येतात. 'शो सिस्टम कोअर-डम्प्स' कोअरची यादी पूर्ण पाथसह देतं. तीन कमांड आणि तीन फाइली. सिस्कोपेक्षा शोधाशोध कितीतरी कमी. लॉगही डिस्कवर राहतात, रीबूटला पुसले जात नाहीत. ज्युनिपरची ही बाजू मनापासून आवडते.

काही लॉग आणि कोअर फक्त रूटला वाचता येतात. आर्काइव्हमध्ये परवानगीच्या चुका दिसल्या तर 'स्टार्ट शेल यूजर रूट' करून तिथून टार बांधा. व्हर्च्युअल चॅसिसमध्ये (ज्युनिपरच्या स्टॅकमध्ये) 'ऑल-मेंबर्स' जोडा आणि दुसऱ्या सदस्याची फाइल 'एफपीसी१:/व्हार/टीएमपी/' अशा पाथने आपल्याकडे आणा.

अडचण जागेची. ईएक्स२३०० आणि ईएक्स३४०० वर साठवण तुटपुंजी आहे, आणि जागा भरलेली असेल तर कोअर अर्धवट पडतो किंवा पडतच नाही. अशा वेळी 'रिक्वेस्ट सिस्टम स्टोरेज क्लीनअप' ची सवय असलेला माणूस धोकादायक ठरतो, कारण ती कमांड लॉग फिरवते आणि पुसायच्या फाइलींची यादी पुढे करते. केस चालू असताना आधी 'ड्राय-रन' करा, यादी ओळ न् ओळ वाचा, त्यात कोअर किंवा जुने लॉग असतील तर ते आधी बाहेर काढा आणि मगच 'येस' म्हणा.

अरिस्टा ईओएस: बिघाडाच्या आधीचं चित्र

चौघांत एकच सोय निवडायची तर ती अरिस्टाची. ईओएसमध्ये टेक-सपोर्ट डीफॉल्टनेच दर ६० मिनिटांनी आपोआप घेतला जातो, दाबून 'फ्लॅश:शेड्यूल/टेक-सपोर्ट' मध्ये ठेवला जातो आणि शेवटचे १०० साठवले जातात. म्हणजे साधारण चार दिवसांचा इतिहास तयारच. काल दुपारी मॅक टेबल (कुठलं उपकरण कुठल्या पोर्टवर आहे त्याची यादी) किती होतं, कुठल्या तासापासून मेमरी चढू लागली, हे दोन फाइलींचा 'डिफ' काढून कळतं. बाकीच्यांकडे हे हाताने रचावं लागतं. फ्लॅश वाचवायच्या नादात काही जण हे शेड्यूल बंद करून टाकतात. जागा कमीच असेल तर 'मॅक्स-लॉग-फाइल्स' ३० वर आणा, पण बंद करू नका.

हाताने घ्यायचा डंपही सोपा: 'शो टेक-सपोर्ट | जीझिप > फ्लॅश:टेक.जीझेड'. खाली सरळ लिनक्स असल्यामुळे 'बॅश' मध्ये जाऊन टार, ग्रेप, एससीपी सगळं चालतं.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. ईओएसची फाइल सिस्टम रॅममध्ये उभी असते. '/एमएनटी/फ्लॅश' टिकतं, '/व्हार/लॉग' टिकत नाही. एजंटचे (ईओएसच्या वेगवेगळ्या प्रोसेसचे) तपशीलवार लॉग '/व्हार/लॉग/एजंट्स' मध्ये आणि त्यांचे बारीक ट्रेस, म्हणजे क्यूटी ट्रेस, '/व्हार/लॉग/क्यूटी' मध्ये असतात. रीलोडच्या आधी 'बॅश सुडो टार' ने '/व्हार/लॉग' आणि '/व्हार/कोअर' फ्लॅशवर बांधून ठेवा. ताशी टेक-सपोर्ट आहेच म्हणून निर्धास्तपणे रीलोड करणाऱ्याच्या हातून नेमकी हीच माहिती जाते.

अरुबा सीएक्स: एक कमांड, एक फाइल

नेटवर्कची टीम लहान असेल, डंप क्वचितच काढावा लागत असेल, तर सीएक्सची पद्धत सगळ्यांत सुटसुटीत. 'कॉपी सपोर्ट-फाइल्स ऑल' पुढे एसएफटीपीचा पत्ता किंवा यूएसबी दिली की लॉग आणि निदानाच्या फाइली एका टार-जीझेडमध्ये बाहेर जातात. आधी फ्लॅशवर साठवा, मग कॉपी करा, असा दुहेरी प्रवास नाही. आधीच्या बूटची माहिती हवी असेल तर 'प्रीव्हियस-बूट' हा पर्याय आहे, आणि पॉवर केबल ओढून झाल्यावर आठवण आलेल्यांसाठी तो फार मोलाचा आहे.

कोअर वेगळे मागावे लागतात: 'शो कोअर-डंप ऑल' ने यादी, मग 'कॉपी कोअर-डंप डीमन' आणि त्या डीमनचं (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोसेसचं) नाव, किंवा 'कॉपी कोअर-डंप कर्नल'. मॅनेजमेंट पोर्टमधून पाठवत असाल तर ओळीच्या शेवटी 'व्हीआरएफ एमजीएमटी' लागतंच, नाहीतर स्विच डेटा पोर्टमधून सर्व्हर शोधत राहतो आणि टाइमआउट देतो.

खटकतं ते एवढंच, की पेटी एकदम मोठी येते आणि आत काय आहे ते आधी चाळता येत नाही. मंद लिंकवर 'फीचर' पर्याय वापरून हव्या त्या भागापुरतीच मागवा.

ओपन नेटवर्किंगकडे वळलेल्यांसाठी सोनिक या ओपन सोर्स स्विच ऑपरेटिंग सिस्टमबद्दल थोडक्यात: 'शो टेकसपोर्ट' सगळं एका टार-जीझेडमध्ये '/व्हार/डंप' मध्ये ठेवतं, '--सिन्स' ने 'यस्टरडे' पासूनचंच मागता येतं, आणि कोअर पडला की आपोआप डंप घेण्याची सोयही आहे.

पाठवण्याआधी

सिस्कोचा टेक-सपोर्ट आतल्या कॉन्फिगमधले पासवर्ड काढून तिथे 'रिमूव्ह्ड' लिहितो आणि जूनोसचा आरएसआय ('रिक्वेस्ट सपोर्ट इन्फर्मेशन'चं आउटपुट) गुप्त म्हणून खूण केलेल्या ओळी वगळतो. पण आयपी पत्ते, वापरकर्त्यांची नावं, एसीएल (कुणाला कुठे जाऊ द्यायचं त्याचे नियम), शेजारच्या उपकरणांची नावं आणि मॉडेल तसंच राहतं. कोअर फाइलला तर हे काहीच लागू नाही: ती मेमरीची नक्कल, त्यात चालू की आणि पासवर्डही असू शकतात. म्हणून कोअर फक्त कंपनीच्या केस पोर्टलवर चढवा, ईमेल किंवा शेअर केलेल्या ड्राइव्हवर टाकू नका. फाइलच्या नावात होस्टनेम, सिरियल क्रमांक, केस क्रमांक आणि टाइमझोनसह वेळ लिहा. वेळ लिहिताना विसर्गासारखं कोलन टाळा, विंडोजला ते चालत नाही. केस बंद झाल्यावर ट्रान्सफर सर्व्हरवरची प्रत पुसून टाका आणि त्या कामापुरता उघडलेला एससीपी सर्व्हर स्विचवर पुन्हा बंद करा.